फुगा डोक्यावरून जाताना

दक्षिण ध्रुवाच्या उन्हाळ्याला मावळती ठाऊक नव्हती. सूर्य क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राही, आणि निळसर, निःशब्द, निर्मनुष्य हिम त्याच्याकडे पापणी न लववता पाहत राही.

त्या हिमावरून, ढगांच्याही फार वरून, एक शुभ्र, विशाल फुगा तरंगत येत होता. त्याच्याखाली दुर्बीण लटकली होती. पाहणारी नव्हे, ऐकणारी.

कुठल्याशा अतिदूरच्या अग्निप्रलयातून निघालेला न्यूट्रिनो नावाचा अतिसूक्ष्म कण पर्वत भेदतो, पृथ्वी भेदतो, कुणाला शिवत नाही. पण क्वचित, अगदी क्वचित, तो बर्फातल्या एखाद्या कणावर आदळतो, आणि बर्फातून रेडिओलहरींचा क्षीण हुंकार उठतो. तो हुंकार टिपायचा होता.

म्हणून छावणीचा दंडक होता. फुगा डोक्यावरून पार होईपर्यंत सारे रेडिओ बंद, सारे फोन बंद. माणसाच्या बोलण्यात आकाशाचे बोलणे बुडते. मौनाचा हुकूम द्यायचा छावणीप्रमुख हेमांगीने.

ती हुकूम देणार, तोच तिच्या फोनवर डहाणूहून भावाचा, सुहासचा, निरोप उमटला : ‘ताई, आईचा श्वास जड झालाय. सारखं विचारते, हेमाचा फोन आला का?’

आई! मागच्या खेपेला हसत म्हणाली होती, “बर्फच बघायचा होता तर आपला फ्रीज काय वाईट होता गं?”

सोबतचा विन्सेंट हळूच म्हणाला, “करा ना फोन, ताई. आकाश काय मामलेदार आहे, दंड ठोकायला?”

“सगळ्यांनी पाळायचं, आणि मी मोडायचं?”

तिने हुकूम दिला. फोन विझला.

मग फक्त शुभ्रता. वर फुगा, खाली हिम, मध्ये ती. फुगा सरकत होता संथ, सरकत होता निर्दय, सरकत होता सुंदर. तिकडे एक श्वास चढत होता, उतरत होता. इकडे तिचा श्वास वाफ होऊन ओठांशीच गोठत होता.

फुगा क्षितिजापार गेला. विन्सेंटने पडद्यावरची रेघ पाहिली. सरळ, स्वच्छ, रिकामी. आकाश काहीच बोलले नव्हते.

तिने फोन लावला.

“ताई...” सुहासचा आवाज फुटला. “आत्ताच गेली गं. वाट बघून गेली.”

तिने पडद्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, “फोन तिच्या कानाशी धर.”

“ताई, अगं—”

“धर रे, सुहास.”

त्याने धरला.

“आई, हेमा बोलतेय.”

शब्द निघाला. हिमावरून, अंधाऱ्या समुद्रावरून, झोपलेल्या बेटांवरून, डहाणूच्या ओल्या वाळूवरून. त्याला आता कुणी अडवत नव्हते, आणि ऐकतही नव्हते कुणी.