फाटकासमोरची वही

शेअर बाजार साडेतीनला बंद होणार होता आणि मी सकाळपासून पंपांच्या कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून ट्रक मोजत होतो.

ताईने जुनं घर विकून आलेले पैसे माझ्या शब्दावर या कंपनीच्या शेअरमध्ये ठेवले होते. पुढे दोन खोल्यांचं घर घ्यायचं, एक खोली तिची, एक माझी आणि माझ्या पुस्तकांची, असं ठरलं होतं. तीन आठवड्यांत भाव एक-तृतीयांशाने उतरला.

"मामा, अजून किती अभ्यास करणार? विकून मोकळे व्हा," भाची काल म्हणाली.

"भाव पडला म्हणून विकायचं नसतं. धंदा बिघडला तर विकायचं," मी पुटपुटलो.

"मग धंद्याला जाऊन विचारा, 'बाबा रे, तब्येत कशी आहे?'"

ताईने तिला गप्प केलं. "उद्या बाजार बंद व्हायच्या आत सांग. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी पद्धत साधी. वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचायचा. अध्यक्षांचं गोडगोड पत्र सगळ्यांत शेवटी. शिवाय दर तीन महिन्यांनी एक दिवस इथे बसून बाहेर पडणारे भरलेले ट्रक वहीत मांडायचे. अकरा वर्षं हेच. यंदाच्या अहवालात तयार मालाचा साठा दुप्पट झालेला दिसला, तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. 'मोठ्या मागणीची तयारी' असं कारण दिलं होतं. वहीतले ट्रकही वाढतच होते, म्हणून मी ते मानलं.

दोनपर्यंत एक्केचाळीस ट्रक झाले. इतके कधीच नव्हते. ताईला 'ठेव' म्हणून सांगायला मी फोन काढला, तोच एक ट्रक बाहेर पडला. डावा मडगार्ड निळ्या दोरीने बांधलेला. सकाळी पाहिला होता का? माझा माझ्या डोळ्यांवर फारसा विश्वास नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी ट्रकचा नंबर लिहिला.

तासाभराने तोच नंबर, तीच दोरी, पुन्हा भरलेला.

दुकानात भाव विचारायलाही मला लाज वाटते. पण मी धावत जाऊन ट्रकसमोर उभा राहिलो. "अहो, माल कुठे चाललाय?"

"मागच्या गल्लीत, काका," ड्रायव्हर हसला. "भाड्याच्या गोदामात. आत पाय ठेवायला जागा नाही. एक गोदाम भरलं, आता दुसरं."

"आणि गिऱ्हाईक?"

"तुम्हीच व्हा की! देऊ का एक पंप?"

तीन वाजून बारा मिनिटं. पहिला फोन भलत्यालाच लागला. मग ताई.

"ठेवू ना?" तिने विचारलं.

"वीक. सगळे. आत्ताच्या आत्ता."

"अरे, पण तूच म्हणालास..."

"मी चुकलो, ताई. ट्रक मोजले, नंबर लिहिले नाहीत. तेच ते ट्रक फिरत होते."

पलीकडे भाचीला सूचना गेल्या, खुर्ची सरकली. मी घड्याळाकडे बघत राहिलो. तीन चोवीसला ताई परत फोनवर आली.

"विकले. आता एकच खोली येईल."

"हो."

"तुझी पुस्तकं किती आहेत रे?"

"मोजली नाहीत."

"मोज," ती म्हणाली. "आणि या वेळी नावं लिही. अर्धीच आणायचीत."