बारा पेले

डॉक्टरबाईंनी फळ्यावर खडूने ‘पाणी’ लिहिलं, दोन पावलं मागे सरकून ते न्याहाळलं आणि पुसून पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलं. दवाखान्याच्या दाराशी टांगलेला हा फळा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. सकाळी वर्तमानपत्र उघडायचं, एखादी बातमी उचलायची आणि तिच्या निमित्ताने अख्ख्या रस्त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. एखादा बडा नट न्हाणीघरात घसरून पडला की फळ्यावर ओली फरशी येई. एखाद्या मंत्र्याला झटका आला की त्या दिवशी मीठ. खाली बाईंची सही, औषधाच्या चिठ्ठीवर असते तशीच.

“आज कोण गेलं, बाई?” आतून कंपाउंडरने विचारलं. या गृहस्थाची जीभ तिखट आणि सुई हलकी, त्यामुळे पेशंट त्याचं सगळं खपवून घेत.

“गेलं नाही कोणी. मैदानावरच्या सभेत उन्हाने दहा-बारा जण कोसळले.”

“भाषणाने कोसळले असतील.”

बाईंनी हसू दाबलं आणि वाक्य पुरं केलं. ऊन कडक आहे, तहान लागायची वाट पाहू नका, मोठ्या माणसांनी दिवसाला बारा पेले पाणी प्यावं.

समोरच्या दुकानात शिंपीमास्तर मशीनवर वाकले होते. रोजचा फळा सगळ्यांत आधी वाचायचा मान त्यांचा. गळ्यातली टेप सावरत ते दाराशी आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाचू लागले. आज त्यांना वाचायला जरा जास्तच वेळ लागला.

“बाई, हे सगळ्यांसाठी?” त्यांनी रस्त्यापलीकडूनच विचारलं.

बाईंच्या कानाला फोन होता, दारात एक ताप आलेलं मूल रडत होतं.

“हो हो, सगळ्यांसाठी!” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मास्तर हे बाईंचे सगळ्यांत गुणी पेशंट. तीन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं, फुप्फुसात पाणी झालं, आणि माणूस अगदी काठावरून परत आला. तेव्हापासून गोळ्या वेळेवर, मीठ जवळपास बंद, आणि दिवसाला चार पेले पाणी, त्यावर एक घोटही नाही. मास्तरांनी कधी कुरकुर म्हणून केली नाही. दुसरा कोणी पथ्य मोडून आला की बाई त्याला हमखास सुनवायच्या, “जरा समोर बघा. पेशंट असावा तर असा.”

पुढचे काही दिवस बाईंना मान वर करायला फुरसत मिळाली नाही; फळ्यावरही तोच मजकूर राहिला. ऊन नुसतं भाजत होतं. घेरी आलेले, उलट्यांनी बेजार झालेले, डोकं धरून बसलेले असे पेशंट बाकावर मावेनात. समोरचं दुकान बंद दिसलं तेव्हा बाईंना बरंच वाटलं. एवढ्या उन्हात म्हाताऱ्याने दुकान उघडूच नये, असं त्या कंपाउंडरला म्हणाल्यासुद्धा.

मग एका सकाळी मास्तरांची बायको रांग मोडून थेट आत आली. ही बाई कधी कोणाचा नंबर ओलांडणारी नव्हती.

“डॉक्टर, हे काल रात्रभर बसूनच झोपले. आडवं होता येत नाही म्हणतात.”

बाई पुढचं काही न ऐकता उठल्या. तपासायला घेतलेल्या माणसाला तसंच टेबलावर सोडून, बॅग उचलून त्या रस्ता ओलांडून दुकानावरच्या खोलीत गेल्या. मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंडाने श्वास घेत. पाय सुजून टम्म झाले होते. बाईंनी घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला, तर खळगा तसाच राहिला.

“गोळ्या चुकल्या का?”

मास्तरांनी मान हलवली. नाही.

“खारट काही खाल्लं?”

नाही.

“पाणी किती पिताय?”

“बारा पेले,” मास्तर म्हणाले. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. “मोजून.”

“मी म्हटलं यांना, तुमचं वेगळं आहे,” त्यांची बायको म्हणाली. “तर मलाच म्हणतात, तुला काय कळतं? डॉक्टरांनीच सांगितलंय, नवी सूचना आली की जुनी रद्द.”

हे मात्र खरं होतं. लोक जुन्या आणि नव्या गोळ्यांची खिचडी करतात म्हणून बाई प्रत्येकाला बजावून सांगत. माझी शेवटची सूचना तेवढी खरी, आधीची विसरून जा. बाईंनी इंजेक्शन भरलं. रांगत्या पोरांच्या शिरेत न चुकता सुई घालणारा त्यांचा हात त्या वेळी चुकला आणि शीर दुसऱ्या खेपेला सापडली. मास्तरांना ते कळलं असावं. त्यांनी दुसऱ्या हाताने बाईंचं मनगट हलकेच थोपटलं. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कंपाउंडरने रुग्णवाहिका बोलावली आणि मास्तरांना खुर्चीत बसवून खाली आणवलं. गाडी गेल्यावर तो ओला फडका घेऊन फळ्यापाशी उभा राहिला.

“पुसू का, बाई? कोणाला काही कळायचं नाही.”

“नको.”

बाईंनी खडू घेतला. बारा पेल्यांच्या खाली लिहिलं, ‘हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे लागू नाही. त्यांनी विचारून प्यावं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.’ आणि सही केली. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणाऱ्या कंपाउंडरने फडका घडी करून खिशात घातला आणि पेशंटना नंबर द्यायला गेला.

तीन दिवस बाई धड जेवल्या नाहीत. इस्पितळात दोनदा फोन करायच्या आणि तिसऱ्यांदा करायला लाजायच्या. मास्तर वाचले. सूज उतरली, श्वास मोकळा झाला, आणि अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणल्याचं कळताच बाई दुपारचा दवाखाना बंद ठेवून गेल्या. वाटेत त्यांनी चार वाक्यं मनाशी घोकून ठेवली होती.

मास्तर उशीला टेकून बसले होते. चेहरा ओढलेला, पण डोळे स्वच्छ. बायको खाली औषधं आणायला गेली होती.

“मास्तर, चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. घोकलेल्या चारांपैकी हे एकच आठवलं. “मी बघून लिहायला हवं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा ऐकायला हवं होतं. इथल्या डॉक्टरांनाही मी सांगितलंय.”

“मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, माझंच डोकं फिरलं होतं.”

“असं कशाला सांगितलंत?”

मास्तर थोडा वेळ चादरीची शिवण चाचपत राहिले. टाका सैल होता, तो त्यांनी नखाने दाबला.

“बाई, मी इतका खुळा आहे का? तीन वर्षं चार पेल्यांवर काढली. मला कळत नव्हतं की हे माझ्यासाठी नाही?”

बाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

“तहान लागते हो,” मास्तर म्हणाले. “दिवसभर लागते. कापड कापताना जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि तो पिईस्तोवर दुसरीकडे बघायचं. कोणी पाणी टाकून गेला ना, तर त्या माणसाचा राग येतो मला. स्वप्नातसुद्धा मी पाणीच पितो. फळा वाचला आणि वाटलं, सुटलो. विचारलं तेही लांबूनच विचारलं. जवळ येऊन विचारलं असतं, तर तुम्ही माझं तोंड बघून नाही म्हणाला असतात.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही सूज विचारायचात, वजन विचारायचात, दम विचारायचात. त्याची उत्तरं मी देत होतो.” ते किंचित हसले. “आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, पेशंट असावा तर असा. मग कुठल्या तोंडाने बोलणार?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

“पण खरं सांगू? पहिल्या दिवशी पोटभर प्यायलो ना, तो सुखाचा दिवस होता. तुम्हाला राग येईल.”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या. मग खुर्ची पलंगाला लावून त्यांनी विचारलं, “आत्ता लागलीय तहान?”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखी मान डोलावली.

बाई उठल्या. वॉर्डाच्या टोकाला असलेल्या नर्सशी काहीतरी बोलल्या आणि एक छोटी वाटी घेऊन परत आल्या. वाटीत बर्फाचा एक खडा होता.

“चावायचा नाही. जिभेवर ठेवायचा आणि आपोआप विरघळू द्यायचा. चार पेल्यांतच धरायचा हा, पण तहान पाण्यापेक्षा जास्त वेळ भागते.”

मास्तरांनी खडा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. गाल आत ओढला गेला, कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. बाई वाटी हातात धरून बसून राहिल्या.

“हे चालतं मला?” अखेर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“चालतं.”

“कधीपासून?”

खाली गेलेल्या मास्तरांच्या बायकोची पावलं जिन्यात वाजू लागली होती. बाईंनी ती वर येईपर्यंत थांबावं असा एक विचार केला, आणि मग थांबल्या नाहीत.

“पहिल्या दिवसापासून,” त्या म्हणाल्या.