पाणबुड्यांचा राखणदार

आष्टीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आदिनाथला पाण्याची भीती वाटते, ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, शालूला ठाऊक होती. गोदाकाठच्या त्याच्या गावाचा समज भलताच होता. दोन वर्षांपूर्वी तो मालवणला गेला होता, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरला होता आणि माशांच्या घोळक्यात अंगठा वर केलेला फोटो त्यानं सगळ्या ग्रुपांवर टाकला होता. तेव्हापासून पाण्याखालचं काहीही असलं की गाव आदिनाथला विचारी, आणि आदिनाथ सांगे.

खरं असं होतं की ठरलेल्या वीस मिनिटांपैकी चौदा मिनिटं तो बोटीच्या शिडीला लटकून होता. उरलेली सहा मिनिटं शिकवणाऱ्यानं त्याला मांजराच्या पिल्लासारखं मानगुटीला धरून फिरवलं. आणि तो अंगठा! पाणबुड्यांच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ ‘झकास’ असा नसतो. ‘मला वर न्या’ असा असतो. आदिनाथनं तो अगदी मनापासून केला होता.

यंदा मार्चात गावची नळयोजना बंद पडली. नदीत पाणी तुडुंब, नळाला थेंब नाही. नळाचं पाणी जिच्यातून उपसतात त्या पात्रातल्या विहिरीच्या तोंडाशी, पाण्याखाली, लोखंडी जाळी आहे, तिच्यात वाहून आलेली नायलॉनची जुनी जाळी आणि जलपर्णी घट्ट गुंतून बसली होती. ती कापायला सोमेश्वर आणि मच्छिंद्र असे दोन पाणबुडे आले. योजनेच्या इंजिनिअर प्रीती मॅडमनी गावकऱ्यांना काठावर जमवलं.

“आम्हाला पाण्याचं भय नाही,” सोमेश्वर म्हणाला. “भय नावेचं. वरच्याला आम्ही दिसत नाही, आणि नावेचा पंखा एकदा डोक्यावर आला की संपलं. बुडबुडे दिसतील तिथं आम्ही असू. तिथून पन्नास पावलांत कुणाला येऊ द्यायचं नाही. त्यासाठी राखणीला एक नाव पाहिजे. नांगर टाकलेली, इंजिन बंद. काही झालं तरी बंद.”

सगळ्या गावानं आदिनाथकडं पाहिलं. त्यानं थोडे आढेवेढे घेतले, पण पुरते नाहीत.

घरी शालू म्हणाली, “तुम्ही? अहो, हौदाच्या काठावर बसून तांब्यानं अंघोळ करणारा माणूस तुम्ही!”

“मला कुठं बुडी मारायचीय? वरूनच पाह्यचंय फक्त.”

“मंग नुसतं पाहा. जास्तीचं काही करू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आदिनाथ नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून नावेत उभा होता. हातात सोमेश्वरनं दिलेला झेंडा, लाल, वर पांढरा तिरपा पट्टा. पाणबुडे खाली गेले आणि पाण्यावर बुडबुडे उमटायला लागले. जवळच थर्माकोलच्या तराफ्यावर चतुराबाई बसली होती. चाळीस वर्षं ती ह्याच डोहात मासे धरत आलेली.

“मावशी, लांब व्हा. धोक्याची जागा हाय,” आदिनाथ साहेबी आवाजात म्हणाला.

“मी कुठं इंजन लावून राह्यले बाबा? माझ्या वल्ह्यानं काय होतंय त्याह्यला?”

तेवढ्यात पलीकडच्या, बीड जिल्ह्यातल्या काठावरून भुजंगची नाव माणसं घेऊन निघाली. आदिनाथनं शिट्टी फुंकली, झेंडा फडकावला. भुजंगनं लांबूनच आरोळी दिली, “कोणत्या पक्षाचा हाय रे झेंडा?”

“पक्षाचा न्हाई! खाली माणसं हायेत!”

“मंग वर बोलीव की त्याह्यला!”

तरी भुजंगनं इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत मोठा वळसा घेतला. आदिनाथची छाती फुगली. त्याच्या पाठीमागं चतुराबाई उभी राहून वल्ह्यानं भुजंगला वळणाची खूण करत होती, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं.

अकराच्या सुमारास वरच्या अंगाला आणखी एक नाव दिसली. अनोळखी होती आणि वेगात होती. आदिनाथनं शिट्टी वाजवली. काही फरक नाही. झेंडा हलवला, काही फरक नाही. त्याच्या डोळ्यांपुढं पुढचं सगळं चित्र उभं राहिलं: नाव येते, पंखा फिरतो, उद्याच्या पेपरात बातमी. मग चित्र बदललं. राखणदार पुढं झेपावतो, नाव अडवतो, उद्याच्या पेपरात फोटो. हे दुसरं चित्र त्याला इतकं पटलं की त्यानं नांगर ओढला आणि इंजिनाची दोरी खेचली.

“आदिनाथा! इंजन बंद कर!” चतुराबाई ओरडली.

त्याला ऐकू कसं जाणार? तोंडात शिट्टी होती आणि तो ती जीव खाऊन फुंकत होता. नजर लांबच्या नावेवर. त्याच्या स्वतःच्या नावेचं तोंड फिरलं, ती सरळ निघाली आणि समोर दहा-बारा हातांवर जे बुडबुडे उठत होते, ते सोडून आदिनाथला नदीवरचं बाकी सगळं दिसत होतं.

चतुराबाईनं दोन वल्ही मारली, नाव शेजारून जाताना आपलं जाळं उचललं आणि पंख्यात फेकलं.

इंजिन घरघरलं, कण्हलं आणि बंद पडलं. आदिनाथ तोंडावर आपटला. डोकं नावेच्या काठाबाहेर लटकत होतं, आणि नाकासमोर, हातभर अंतरावर, बुडबुडे एकामागून एक फुटत होते. ती लांबची नाव केव्हाच पलीकडच्या काठाला लागली होती. ती इकडं यायचीच नव्हती.

थोड्या वेळानं विहिरीच्या भिंतीजवळ दोन डोकी वर आली. सोमेश्वरनं तोंडातली नळी काढली. चेहरा पांढरा पडला होता.

“पंख्याचा आवाज आला तसे आम्ही भिंतीला चिकटलो. कुणाची नाव होती?”

आदिनाथचा हात आपोआप पलीकडच्या काठाकडं उठला. अर्धा उठला. चतुराबाई त्या हाताकडं पाहत होती. आदिनाथनं हात खाली घेतला.

“माझीच,” तो म्हणाला.

“तुमची? तुम्ही तर राखणीला होता!”

“व्हय. तुम्हाला वाचवायला निघाल्तो.”

मच्छिंद्रला हसू आलं, सोमेश्वरला नाही. तो म्हणाला, “आज काम बंद.”

काठावर प्रीती मॅडमनी झालेला प्रकार लिहून घ्यायला वही काढली. भुजंग पुढं होऊन म्हणाला, “मॅडम, लिहा की, मशीन बिघडलं म्हणून. आपलाच माणूस हाय.”

“न्हाई,” आदिनाथ म्हणाला. “राखणदारानंच इंजन चालू केलं, असं लिहा. आणि चतुरामावशीनं जाळं टाकून दोघं वाचवले, हेबी लिहा. मालवणात मी सहाच मिनिटं पाण्यात होतो, तेबी पाह्यजे तर लिहा.”

“ते नाही लिहावं लागणार,” मॅडम म्हणाल्या, पण तेवढं ऐकून अख्खा काठ हसला. गर्दीत उभी असलेली शालू सगळ्यांत मोठ्यानं हसली. आदिनाथला वाटलं होतं, जमीन पोटात घेईल तर बरं. पण हसणं ओसरलं तेव्हा त्याला चक्क हलकं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी राखणीला चतुराबाई बसली. तिनं बुडबुड्यांच्या भोवती लांब दोरीवर पांढरे रिकामे कॅन बांधून कडं केलं. नदीवरच्या प्रत्येक नाववाल्याला ती नावानं ओळखत होती आणि सकाळी सातलाच तिनं सगळ्यांना फोन लावले होते. भुजंगनं तर इंजिन पलीकडच्या काठापासूनच बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला गावात नळ सुटले आणि बाया घागरी घेऊन धावल्या.

आदिनाथ हे दोन्ही दिवस काठावर, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर होता. पंख्यात अडकून चिंध्या झालेलं जाळं तो मांडीवर घेऊन विणत होता. मोबाइलचे बारीक स्क्रू बसवणारी बोटं, म्हणून त्याला वाटलं होतं, हे तर सोपंच असेल. बोटांना चार ठिकाणी कापलं होतं.

चतुराबाई तराफ्यावरून उतरली, शेजारी येऊन बसली आणि त्याच्या गाठी एकेक करून पाहायला लागली. पहिली ढिली होती, सोडली. दुसरी सोडली. तिसरी, चौथी, पाचवी सोडली. सहावीपाशी ती थांबली, नखानं ओढून पाहिलं, आणि ती गाठ तशीच ठेवून पुढच्या गाठीला हात घातला.