बारक्याचे मागचे पाय

माझ्या धाकट्या दिराला तट्टूपालक संघाने तपासनीस केलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, आता आमचं काही खरं नाही. नर शिंगरू तीन वर्षांचं झालं की ते तपासनिसापुढे उभं करायचं. त्याने पास केलं तर पैदाशीला ठेवायचं, नापास केलं तर महिन्याच्या आत खच्ची करायचं. नाही केलं तर संघ तुमच्या सगळ्या जनावरांची नोंद काढून टाकतो. आणि हे ठरवणार कोण, तर ज्याने गेल्याच वर्षी स्वतः पैदाशीचा नवा नर आणलाय तो. यंदा तीन वर्षांचा झालेला माझा बारक्या पास झाला, तर त्याच्या नराकडे घोड्या कोण नेणार?

पक्षपात नको म्हणून संघाने एक शहाणपणा केलाय. जनावराच्या गळ्यात फक्त नंबर असतो, आईबापाची नावं तपासनिसाला सांगायची नाहीत. पण दोरी धरून समोर त्याची सख्खी वहिनीच उभी, तिच्या गळ्यात कुठला नंबर बांधणार?

बारक्याचा बाप मात्र त्याला खरंच ठाऊक नव्हता. तो होता दिराचाच जुना घोडा, म्हातारबा. एका हंगामापुरता हा घोडा माझ्या नणंदेच्या तबेल्यात होता, तिथे मी माझी घोडी नेली. मालक कितीही नालायक असला तरी घोडा सोन्यासारखा होता, आणि माणसाचा राग घोड्यावर काढण्याइतकी मी मूर्ख नाही.

तपासणीला रिंगणाभोवती सगळे जमले होते. मी बारक्याला चालवला, पळवला. दीर त्याच्या मागे जाऊन वाकला खरा, पण बघत होता माझ्या तोंडाकडे.

"मागचे पाय आत वळतात," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हा दोष बापाकडून येतो. कुठून शोधून काढलात असला नर, वहिनी? त्या बापालाही बाद केलं पाहिजे."

माझं टाळकंच सरकलं.

"करा की, भाऊजी," मी म्हटलं. "तुमचाच म्हातारबा आहे तो. विचारा तुमच्या बहिणीला."

कठड्याला टेकून उभ्या असलेल्या नणंदेने मान हलवली. कोणीतरी फिस्सकन हसलं. दिराचं तोंड पांढरं पडलं आणि मला वाटलं, जिंकले. आता हा घसा खाकरणार, पुन्हा बघतो म्हणणार, आणि पाय आपोआप सरळ होणार.

त्याने घसा खाकरला.

"दोष तो दोष," तो म्हणाला. "माझा घोडा असला म्हणून काय झालं? म्हातारबाही आजपासून बाद."

टाळ्या पडल्या. स्वतःच्या घोड्याचीही गय केली नाही म्हणून लोक त्याची पाठ थोपटायला धावले. म्हातारबा आता धड उभाही राहू शकत नाही, पैदाशीचं तर सोडाच, हे त्यांना कुठे माहीत! मी ओरडले, अहो पाय बघा, कोणीतरी पाय बघा. एका बाईने मला बाजूला बसवून पाणी दिलं. त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी त्याला मुख्य तपासनीस केलं. आता तक्रार करायची तर तीही त्याच्याकडेच.

महिना संपायच्या आत जनावरांचे डॉक्टर आले. भूल देण्याआधी त्यांनी बारक्याला अंगणात चालवून पाहिलं, मग मागे बसून दोन्ही पायांवरून हात फिरवला.

"पाय तर सरळ आहेत हो याचे," ते म्हणाले.

"माहितीये," मी म्हटलं आणि दोरी घट्ट धरली. "करा तुमचं काम."