मावशींच्या गप्पा माझ्यात नाहीत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. झाकणाला तडा गेलाय, बटणांवरचा रंग पार उडालाय. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण मित्रांनो, तरुणपणी माझा आवाज खणखणीत होता. आज मात्र बढाई मारायला नाही, एक चूक कबूल करायला बोलतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, घरोघरी गाणी वाजवू, मजा करू. नशिबी आले एक भाषाशास्त्रज्ञ सर! लोक सरांना हटकून विचारायचे, "तुम्हाला किती भाषा येतात हो?" सर हसून म्हणायचे, "बोलायला दोनच. पण माणसं बोलतात कशी, हे ऐकणं माझं काम." हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

आम्ही शिवणकाम करणाऱ्या एका मावशींकडे जायचो. त्यांची भाषा बोलणारं त्यांच्याखेरीज कोणीच उरलं नव्हतं. शाळेत पोरं चिडवतील म्हणून त्यांनी ती लेकीलाही शिकवली नाही. फक्त राग आला किंवा माया दाटली, की तोंडातून आपसूक तीच भाषा यायची.

सर यादीतला शब्द विचारायचे, "डोळा?" मावशी आपल्या भाषेतला शब्द तीनदा म्हणायच्या. मग "दगड?" मग "धूर?" पण मावशींना बोलायची भारी हौस! धूर म्हटला की त्यांना चूल आठवायची, चूल म्हटली की सासू, आणि एकदा सासू निघाली की मग काय विचारता! शिलाई मशीन थांबवून त्या आपल्या भाषेत धबाधबा सुरू व्हायच्या. मध्येच खिडकीतून अंगणातल्या लेकीला त्याच भाषेत हाक मारायच्या.

तेवढ्यात सर खट्‌कन मला बंद करायचे. टेपा मोजक्या, यादी लांबलचक.

"मावशी, गप्पा नंतर. आधी शब्द उरकू."

"अहो मास्तर, मीठ वेगळं, पीठ वेगळं चाटून पोट भरतं का कुणाचं?"

सर हसायचे आणि पुढचा शब्द विचारायचे. मी सगळं ऐकायचो हो, पण बंद असताना ऐकलेलं माझ्यात राहत नाही.

दोन हजार शब्द जमले. सरांचं पुस्तक निघालं, वाहवा झाली. भर सभेत मला टेबलावर मांडलं. "एक भाषा वाचली," असं जो तो म्हणाला. मलाही ते खरं वाटलं. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली.

मागच्या महिन्यात मावशी गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांची लेक सरांकडे आली.

"सर, आई मला अंगणातून घरात बोलवायची ना, ती हाक तेवढी ऐकवा. बाकी काही नको."

सरांनी मला पुसलं, लावलं. आईचा आवाज आला तशी तिने तोंडावर हात दाबला. शब्द, मग खट्‌. शब्द, मग खट्‌. अख्खा दिवस सरला, नऊच्या नऊ टेपा संपल्या. हाक कुठेच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी कोरी टेप घातली, बटण दाबलं. "तूच सांग पोरी, काय म्हणायच्या त्या?"

ती माझ्याजवळ सरकली.

"ये गं आता, किती उशीर केलास, असं काहीतरी... अर्थ आठवतो, सर. शब्द नाही आठवत."

"माझं चुकलं गं," सर म्हणाले. "त्या बोलत होत्या आणि मी यादी वाचत बसलो."

मला बंद करायचं भान कुणालाच राहिलं नाही. टेप संपेपर्यंत दोघांचं रडणं माझ्यात भरत राहिलं. जाताना ती सगळ्या टेपा घेऊन गेली. आवाज तिच्या आईचाच आहे, पण त्यातला एकही शब्द तिला उद्देशून नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण घरातलं कोणी आपल्या बोलीत पाल्हाळ लावून बसलं, तर "पुरे आता" म्हणू नका. कंटाळा आला तरी जवळ बसा. त्यांना हवं ते बोलू द्या, हवं तितकं बोलू द्या.