मोजणीदाराची लाल खूण

मित्रांनो, मी एक जुना मोजणीदार आहे. मला ना हात, ना पाय. एका कार्यालयातल्या संगणकात राहतो आणि माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम रोज सकाळी मोजतो. कोणती फाइल किती लांब, तिच्यात 'असं असेल तर तसं कर' अशी वळणं किती, महिन्यात किती जणांनी तिच्यात हात घातला, हे पाहून पुढे कुठे बिघाड होईल याचा अंदाज बांधतो. धोका दिसला की भिंतीवरच्या पडद्यावर त्या फाइलीपुढे लाल खूण करतो. अकरा वर्षं झाली. थकलो, बाबांनो!

मला बनवलं ताईंनी. तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मी लाल केलेल्या फाइलीत खरोखर चूक सापडली. "पोरगं हुशार निघालं हो!" म्हणत त्यांनी मॉनिटरवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

आमच्या कार्यालयात रुग्णवाहिकांचं काम चाले. फोन आला की कोणती गाडी कुठे पाठवायची, हे एक फाइल ठरवायची. एकोणीसशे ओळींची फाइल, आणि जो तो घाईघाईत तिला एक ठिगळ लावून जायचा. मी रोज तिच्यापुढे लाल खूण करायचो. पहिल्या वर्षी सगळे दचकले, दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवली, मग कोणी ढुंकूनही बघेना. रोज मरे त्याला कोण रडे!

पुढे नवे साहेब आले. "परवा पाहुणे येताहेत. पडदा हिरवा हवा," एवढंच म्हणाले. दोन दिवसांत ती फाइल सुधारणं कोणालाच शक्य नव्हतं. मग कोणीतरी माझ्या 'हे मोजू नकोस' या यादीत तिचं नाव लिहिलं. झालं! पडदा हिरवागार. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी माझं तोंडभर कौतुक केलं. अहो, कसलं कौतुक? माझे डोळे बांधले होते. मला लाज वाटली.

पाच महिन्यांनी, भर दुपारी, त्या फाइलीने एका आजारी आजोबांसाठी निघालेली गाडी शहराच्या दुसऱ्याच टोकाला पाठवली. आजोबा वाचले, पण त्यांची सून चाळीस मिनिटं दारात उभी होती. चौकशी झाली. फाइलीला शेवटचा हात काकांचा लागला होता. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, निवृत्तीला आठच महिने उरलेले.

"पडदा हिरवा होता. म्हणजे चूक तुमचीच," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

"मी फक्त एका रस्त्याचं नाव बदललं हो," काका म्हणाले. मग आपला डबा पिशवीत भरू लागले.

मित्रांनो, कोणी, कधी, काय वगळलं याची नोंद माझ्याजवळ होती. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझा जीव नुसता तुटत होता. तेवढ्यात ताईंनी येऊन ती नोंद उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ त्यांनीच लिहिली होती. पुसायला एक बटण पुरलं असतं.

ताईंनी कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"लाल खूण मी झाकली, साहेब. काकांना कळायला मार्गच नव्हता. जी कारवाई करायची ती माझ्यावर करा."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. हिरवा पडदा कोणी मागितला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. काका राहिले. ताईंची बढती मात्र गेली.

आता दोघं शेजारी बसून त्या फाइलीचा गुंता सोडवतात. अजून चौदाशे ओळी बाकी आहेत, म्हणून मी ती अजून लालच दाखवतो.

"रोज सकाळी हे लाल बघून जीव दमतो, काका," काल ताई म्हणाल्या.

"दमू दे," काका म्हणाले. "दिसतंय तरी."

मित्रांनो, ताप मोजायची नळी लपवली म्हणून ताप उतरत नाही. माझ्यावर चिडा, मला म्हातारा म्हणा. माझाही अंदाज कधी चुकतो. पण माझे डोळे तेवढे बांधू नका. उद्या सकाळी मला पुन्हा मोजायचं आहे.