कडक भाकरीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सोलापुरातल्या एका स्वयंपाकघरात फळीवर बसलेला असतो. माझा एक कोपरा चेपलाय, कडी दोनदा बदलली, पण झाकण अजून घट्ट बसतं. डब्याची अब्रू झाकणात असते, म्हणून सांगितलं.

जन्माने मी गोडेतेलाचा. मैंदर्गीच्या बाजारात बसव्वाने मला रिकामा असताना विकत घेतलं, झाकण बसवून घेतलं आणि राखेने असं घासलं की तेलाचा वास मीच विसरलो. वळसंगला तिच्या घरी माझं काम एकच, कडक भाकरी सांभाळायच्या. ज्वारीची पातळ भाकरी ती चुलीपुढे उभी करून वाळवायची आणि कडकडीत झाली की माझ्यात ठेवायची. महिनाभर टिकायची. आमटीत चुरून खा, नाहीतर दही आणि शेंगाचटणीबरोबर. पाहुणे म्हणायचे, "बसव्वा, तुज्या डब्यातली भाकरी कधी मऊ पडत न्हाय बघ." कौतुक तिचं व्हायचं, पण त्यातलं अर्धं मी गुपचूप माझ्या नावावर करून घ्यायचो.

तिची मुलगी भुवनेश्वरी तेव्हा सात वर्षांची होती. बसव्वाला पोटाचं ऑपरेशन सांगितलं. सोलापूरला निघण्याआधी तिने मला काठोकाठ भरलं आणि लेकीला म्हणाली, "भुवना, मी येईस्तोवर पुरतील की एवढ्या. रडायचं न्हाय."

ती आलीच नाही. ऑपरेशननंतर ताप चढला तो उतरला नाही. मोठ्यांनी पोरीला शेजारी ठेवलं, बसव्वाला माती दिली आणि परत येऊन सांगितलं, "अव्वा माहेरी मैंदर्गीला गेलीया, येईल." वडील चनबसप्पा तर बोलायचेच बंद झाले.

पोरीने तिच्यापुरता अर्थ लावला. अव्वा, म्हणजे आई, येईपर्यंत पुरतील एवढ्या भाकरी आहेत, म्हणजे भाकरी संपल्या की अव्वा येणार! मग ती भूक नसताना खायला लागली. शाळेत जाताना खायची, आल्यावर खायची, हिरड्या सोलल्या तरी खायची. मला सगळं दिसत होतं, पण डबा काय बोलणार? शेवटचा तुकडा संपवून ती उंबऱ्यावर जाऊन बसली. दिवेलागणीला तिची आत्या मायाक्का तिला उचलून आत घेऊन आली आणि खरं काय ते तेव्हा सांगितलं. भुवना रडली नाही. रडायचं नाही, असं अव्वा सांगून गेली होती ना.

त्यानंतर मी माळ्यावर गेलो. माझ्यात खिळे आणि सुतळ्या पडल्या, तळाला गंज चढला. माझे दिवस संपले असंच मी धरून चाललो होतो. पण लग्न होऊन सोलापूरला जाताना भुवनेश्वरीने स्टीलचे नवेकोरे डबे बाजूला सारले आणि मला खाली काढून गंज जाईपर्यंत घासलं.

तिच्या संसारात मी कधी रिकामा राहिलो नाही. तळ दिसायच्या आत ती पीठ मळायला बसते. नवरा गुरुशांत चेष्टा करतो, "वऱ्हाड जेवायला येणार हाय का आपल्याकडं?" ती हसत नाही. मुलगी अक्षता नऊ वर्षांची, पण तिला आत्ताच वेणी घालता येते, कुकर लावता येतो. आईला सगळं शिकवायची फार घाई.

मागच्या वर्षी भुवनेश्वरीच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. तिने मला भरलं. अक्षता सहज म्हणाली, "आई, तू येईपर्यंत पुरतील ना गं?"

भुवनेश्वरीच्या हातातून माझं झाकण खणकन खाली पडलं. ती दवाखान्यात गेलीच नाही. पुढची तारीखही तिने चुकवली. कळ आली की ओटा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी गुरुशांतला बजावलं, आता उशीर केला तर जिवावर बेतेल.

त्याने वळसंगहून मायाक्काला बोलावून आणलं. ती माझ्याशेजारीच बसली. "भुवने, डबा भरला म्हणून बसव्वा गेली न्हाय. आमी तुला खरं सांगितलं न्हाय, ते लई वाईट केलं. तू तुज्या पोरीला खरं सांग आणि जा. का तिलाबी उंबऱ्यावर बसवायचंय?"

भुवनेश्वरीने अक्षताला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. अव्वाचं, भाकरीचं, खड्यांचं.

"तुला भीती वाटते?" अक्षताने विचारलं.

"लई."

"मग मला रोज फोन कर."

ती गेली. मायाक्का अक्षताजवळ राहिली. फोन येत राहिले. चार-पाच दिवसांनी गुरुशांतचा हात धरून ती दारात उभी राहिली. अक्षताने धावत येऊन मला फळीवरून ओढलं, झाकण उघडलं आणि ओरडली, "आई, बघ की, अजून उरल्यात!"

भुवनेश्वरीने वाकून आत पाहिलं. भाकरी उरल्या होत्या आणि आई घरी आली होती. ती तिथेच फरशीवर बसली आणि सातव्या वर्षी राहून गेलेलं सगळं रडली. मायाक्काने तिला गप्प केलं नाही.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, ओला हात लावू नका, मी अजून पुष्कळ टिकेन. आणि घरातलं कुणी गेलं तर लहान लेकराला जवळ घेऊन खरं सांगा. ते रडेल. त्याला रडू द्या.